घरच्या बागेत पक्षी यावेत म्हणून दाण्याआधी काय करावे?

आपण विचारले आहे की घरामागच्या बागेत गेले वर्षभर दाण्यांचे टांगते खाद्यपात्र रोज भरूनही त्यावर पारवे आणि कावळे यांच्याखेरीज कोणी फिरकत नाही. उलट शेजारच्या पडीक जागेत, जिथे कोणी कशाचीही निगा राखत नाही, तिथे शिंपी, शिंजीर, दयाळ आणि बुलबुल सकाळभर दिसतात. आपल्या बागेत नेमके काय चुकते आहे, कोणती झाडे लावावीत, पाणी कसे ठेवावे, लाकडी घरटी टांगावीत का आणि पक्षी आलेच तर त्यांना त्रास न देता ते नीट कसे पाहावेत, हे आपल्याला हवे आहे. पक्ष्यांसाठी बागा आखून देण्याचे काम मी वीस वर्षांहून अधिक काळ करतो आहे आणि हाच प्रश्न थोड्याफार फरकाने मला पुन्हा पुन्हा विचारला जातो, म्हणून उत्तर जरा विस्ताराने देतो.

निम्मे उत्तर आपल्या निरीक्षणातच आहे. त्या पडीक जागेत कोणी दाणे टाकत नाही. तिथे कोणी फवारणीही करत नाही, पडलेला पाला गोळा करून जाळत नाही, वाळलेली फांदी तोडत नाही आणि पानांमधली कोळिष्टके झटकत नाही. पक्षी तिथे जातात ते या न केलेल्या गोष्टींसाठी. बागेत पक्षी हवे असतील तर काहीतरी आणून ठेवले पाहिजे, अशी बहुतेकांची समजूत असते. माझा अनुभव असा की जे आपोआप तयार होत होते ते काढून टाकणे आधी थांबवावे लागते, आणि आणून ठेवण्याच्या वस्तूंपैकी खरी गरजेची एकच आहे, ती म्हणजे पाणी.

दाण्यांवर पारवेच का येतात, हे एकदा समजले की पुढचे बरेचसे सोपे होते. शिंप्याची चोच बारीक आणि टोकदार असते. ती पानामागची अळी ओढून काढण्यासाठी आहे, दाणा फोडण्यासाठी नाही. दयाळ जमिनीवर उतरून किडे टिपतो, नाचण उडत्या माश्या हवेतच पकडतो, शिंजीर फुलांतला मध पितो आणि सोबत कोळी व बारीक किडे खातो. घरगुती बागेत येऊ शकणाऱ्या पक्ष्यांत मुख्यतः दाण्यावर जगणारे थोडेच असतात. त्यातही चिमणी स्वतः दाणे खात असली तरी पिल्लांना पहिले काही दिवस अळ्या, मावा, लहान नाकतोडे असेच मऊ आणि प्रथिनांनी भरलेले अन्न भरवते. पारव्याचे मात्र वेगळे आहे. पारवे आणि होले यांच्या कुळात नर आणि मादी दोघांच्याही गळ्यातील अन्नपिशवीच्या अस्तरातून दह्यासारखा पौष्टिक स्राव तयार होतो आणि पिल्लांना सुरुवातीला तोच भरवला जातो. पिल्लांसाठी किडे शोधण्याची गरजच नसल्यामुळे, भरपूर दाणा मिळाला की पारव्यांची वीण वर्षभर चालू राहू शकते. म्हणजे रोज भरलेले खाद्यपात्र हे पारव्यांची संख्या वाढवण्याचे साधन ठरते, आणि पारव्यांचा थवा बसू लागला की लहान पक्षी तिथे टिकत नाहीत. शिवाय पारव्यांच्या सुकलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ दीर्घकाळ श्वासावाटे आत गेल्याने काही माणसांच्या फुप्फुसांना कायमची इजा होते, हेही घरच्यांचा विचार करता लक्षात ठेवले पाहिजे. तेव्हा पहिला सल्ला असा की हे खाद्यपात्र सध्या उतरवून, धुऊन ठेवून द्यावे. दाण्याचा विषय मी पुढे पुन्हा घेतो.

आता अळ्यांविषयी. बागेचे पक्ष्यांशी असलेले नाते अळीवर उभे आहे, असे मी म्हणतो तेव्हा बागकाम करणाऱ्यांना ते आवडत नाही. पण आकडे पाहावेत. अमेरिकेतील चिकाडी या साधारण दहा ग्रॅम वजनाच्या पक्ष्याच्या अभ्यासातून असे दिसले आहे की एका विणीतली पिल्ले वाढून घरट्याबाहेर पडेपर्यंत आईबापांना ६,००० ते ९,००० अळ्या आणाव्या लागतात. याच पक्ष्याविषयी वॉशिंग्टन शहराच्या परिसरातील घरगुती बागांत झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. ज्या बागांत स्थानिक झाडोरा एकूण झाडोऱ्याच्या ७० टक्क्यांपेक्षा कमी होता, तिथे या पक्ष्यांची वीण त्यांची संख्या टिकून राहण्याइतकी होत नव्हती. बाहेरून आणलेली शोभेची झाडे हिरवीगार दिसत होती, परंतु त्यांच्यावर अळ्या फारच कमी होत्या. कारण उघड आहे. प्रत्येक झाड पानांत स्वतःच्या बचावाची रसायने बाळगते आणि ती पचवण्याची क्षमता त्या झाडाच्या सोबतीने हजारो वर्षे वाढलेल्या थोड्याच कीटकांना साधलेली असते. परक्या झाडाची पाने बहुतेक स्थानिक अळ्यांना खाताच येत नाहीत. ज्या झाडाला ‘याला कधी कीड लागत नाही’ अशी शिफारस मिळते, ते झाड पक्ष्यांच्या दृष्टीने बहुधा रिकाम्या ताटासारखे असते.

एक उदाहरण जवळून पाहिलेले सांगतो. माझ्याकडच्या लिंबाच्या लहान झाडावर एका पावसाळ्यात फुलपाखराच्या अळ्या पडल्या. या अळ्या लहान असताना काळपट-पांढऱ्या, थेट पक्ष्याच्या विष्ठेच्या थेंबासारख्या दिसतात; मोठ्या झाल्या की हिरव्या होतात आणि डिवचल्या की डोक्यामागून तांबूस, दुभंगलेले मांसल शिंग बाहेर काढून उग्र वास सोडतात. शेंड्याची कोवळी पाने संपत आली होती, तरी मी हात लावला नाही, कारण त्याच आठवड्यात शिंप्याची एक जोडी झाडावर येऊ लागली होती. खिडकीपासून हे झाड जेमतेम दोन मीटरवर आहे. शेपटी उभी धरून शिंपी खालच्या फांदीवर उतरे, पानाच्या मागच्या बाजूला मान वळवून डोकावे, अळी ओढून काढी आणि ती लुळी पडेपर्यंत फांदीवर दोन्ही बाजूंनी आपटे. मग ती चोचीत आडवी धरून तो कुंपणाच्या दिशेने निघून जाई, आणि काही मिनिटांत पुन्हा हजर होई. दहा-बारा दिवस हे चालले. सगळ्या अळ्या संपल्या नाहीत. काही कोषात गेल्या आणि त्यांची फुलपाखरे झाली. झाडाला पुढच्या पालवीत काहीही फरक पडला नाही. त्या काळात मी एकदा जरी फवारणी केली असती तरी त्या जोडीला पिल्ले वाढवण्यासाठी दुसरीकडे धावाधाव करावी लागली असती, किंवा विष लागलेली अळीच पिल्लाच्या चोचीत गेली असती.

म्हणून कीटकनाशके पूर्ण बंद करावीत, ‘थोडीच वापरतो’ असेही करू नये. काही कीटकनाशके मुळांवाटे शोषली जाऊन पानांत, परागात आणि मधातही उतरतात, त्यामुळे फक्त मातीत टाकलेल्या औषधाचाही फुलावर येणाऱ्या जीवांशी संबंध येतो. मावा वाढला तर पाण्याचा जोरदार फवारा मारून तो धुऊन काढावा, पिठ्या ढेकूण ब्रशने खरवडावा, अळ्या एकाच रोपावर फार झाल्या तर काही हाताने उचलून दुसऱ्या मोठ्या झाडावर सोडाव्यात. पण ते झाड त्याच जातीचे असावे, एरवी त्या उपाशी मरतात. उंदरांसाठी विष ठेवणेही थांबवावे, कारण विष खाऊन मंदावलेला उंदीर पिंगळा किंवा घुबड सहज पकडते आणि ते विष त्याच्याही अंगात जाते.

पाल्याचेही असेच आहे. झाडांखालचा पाला रोज झाडून काढण्याऐवजी कुंपणाच्या कडेने आणि झुडपांखाली चार बोटे जाडीचा थर राहू द्यावा. काही आठवड्यांत त्याखाली गोम, वाळवी, गांडूळ, भुंगेरे यांची वस्ती होते, आणि मग सातभाईंची टोळी आली की पाने उलटवण्याचा खसखस आवाज घरात ऐकू येतो. वाळलेली फांदी माणसांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर नसेल तर तोडू नये. तांबट मऊ पडलेल्या अशा फांदीतच, बहुधा तिच्या खालच्या बाजूने, घरट्याचे गोल भोक कोरतो. एवढे न करण्याचे काम झाले की बागेचा अर्धा कायापालट झालेला असतो.

झाडे कोणती लावावीत याची ठरावीक यादी मी सहसा देत नाही, कारण ती प्रत्येक परिसरात वेगळी असते आणि याद्या पाहून लावलेल्या बागा मी अनेकदा पक्ष्यांविना पाहिल्या आहेत. त्याऐवजी त्या पडीक जागेत जाऊन काय आपोआप वाढले आहे ते पाहावे आणि त्यातली झुडपे आपल्याकडे आणावीत. निवड करताना चार गोष्टी बघाव्यात. मध देणारी नळीसारखी फुले वर्षात वेगवेगळ्या वेळी फुलणारी असावीत. बुलबुलाच्या चोचीत मावतील अशी लहान रसाळ फळे देणारे एखादे झाड असावे. तुती यासाठी उत्तम आहे. गवताचा एक कोपरा न कापता बी धरू द्यावा, म्हणजे मनोल्यांना आपल्या दाण्याची गरज राहत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दाट, शक्य तर काटेरी झुडपांचा एक पट्टा असावा. लोक फुलांवर आणि फळांवर खर्च करतात, पण आडोसा विसरतात. शिक्रा हा शिकारी पक्षी डोक्यावरून गेला तर एका क्षणात शिरायला जागा नसेल तिथे लहान पक्षी थांबतच नाही. हिरवळ, तिच्याभोवती एका रेषेत कुंड्या आणि मध्ये काही नाही, अशी बाग पक्ष्याला उघड्या मैदानासारखी वाटते. झुडूप कंबरेएवढे, त्यावर डोक्याएवढे, त्यामागे एखादे उंच झाड, अशी चढती रचना केली तर जमिनीवरचा दयाळ, मधल्या फांद्यांतला शिंपी आणि शेंड्यावरचा कोतवाल असे तिघेही एकाच जागेत सामावतात.

फुलांविषयी एक सूचना. जास्वंदीसारख्या झाडांचे अनेक पाकळ्यांचे भरगच्च प्रकार दिसायला मोहक असतात, पण त्यांत पुंकेसरांचेच रूपांतर पाकळ्यांत झालेले असते आणि मधापर्यंतची वाटही अडते, म्हणून साधी एकेरी फुले निवडावीत. शिंजीर मोठ्या जास्वंदीपाशी समोरून येत नाही. तो देठाजवळ बसून फुलाच्या बुडाशी चोचीने बारीक छिद्र पाडतो आणि तिथूनच मध ओढतो. फूल उचलून पाहिल्यास ते छिद्र दिसते. घाणेरी मात्र, पक्षी तिची फळे खातात म्हणून, लावू नये; त्याच पक्ष्यांमार्फत तिचे बी दूरवर पसरते आणि ती स्थानिक झुडपांची जागा बळकावते. वड, पिंपळ, उंबर ही पक्ष्यांची मोठी अन्नछत्रे आहेत, परंतु भिंतीजवळच्या लहान बागेत ती लावण्याजोगी नाहीत. जवळपास असे एखादे झाड उभे असेल तर ते टिकवण्यासाठी जे करता येईल ते करावे, कारण त्याच्या फळण्याच्या काळात आपल्या बागेतही पक्ष्यांची ये-जा वाढते.

पाण्यासाठी मोठी खर्चिक व्यवस्था लागत नाही. मातीचे पसरट परळ किंवा कुंडीखाली ठेवतात तशी खरखरीत थाळी पुरते. काचेची, चिनी मातीची किंवा गुळगुळीत प्लास्टिकची भांडी टाळावीत, कारण पक्ष्याचा पाय घसरतो आणि तो उतरत नाही. पाण्याची खोली कडेला एखादा सेंटिमीटर आणि मध्यभागी ५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी. भांडे खोल असेल तर त्यात पाण्याबाहेर डोके काढणारे चपटे दगड ठेवावेत. जागा अशी निवडावी की सर्वांत जवळचे झुडूप साधारण दोन मीटरवर असेल: त्याहून जवळ असल्यास मांजर त्यात दबा धरून बसते, फार लांब असल्यास भिजलेल्या पंखांनी पक्ष्याला आडोशापर्यंत पोहोचता येत नाही. भर दुपारी सावली असावी. पाणी रोज बदलावे आणि दोन दिवसांतून एकदा भांडे नुसत्या ब्रशने घासावे, साबण लावू नये. डासांच्या अंड्यापासून डास होण्यास उबदार हवेतही साधारण आठवडा लागतो, त्यामुळे रोज पाणी बदलणाऱ्याच्या भांड्यात डास वाढू शकत नाहीत. ही शंका घरातल्या वडीलधाऱ्यांकडून हमखास येते, म्हणून मुद्दाम सांगितले.

साचलेल्या पाण्यापेक्षा पडणाऱ्या थेंबाचा आवाज पक्ष्यांना लवकर खेचतो. एका छोट्या मडक्याच्या बुडाला बारीक छिद्र पाडून त्यात सुताची वात घालावी आणि ते परळाच्या वर टांगावे, म्हणजे थेंब थेंब पाणी दिवसभर पडत राहते. बुलबुल आधी कडेवर येऊन दोन घोट घेतो, मान वर करून चहूकडे पाहतो, मग छातीपर्यंत उतरून पंख फडफडवतो आणि क्षणात बाहेर येऊन ठरलेल्या एकाच फांदीवर पिसे साफ करीत बसतो. ती फांदी ओळखून ठेवावी, पाहण्यासाठी ती सर्वांत चांगली जागा असते. शिंजीर आणि चष्मेवाला हे मात्र परळात क्वचितच उतरतात. त्यांना ओल्या पानांवर अंग घासून न्हायला आवडते. सकाळी झाडांना पाणी घालताना रुंद पानांच्या झुडपावर नळीने हलकासा शिडकावा केला की थोड्याच वेळात ते त्या पानांवरून घसरत, लोळत अंघोळ करताना दिसू शकतात. चिमण्यांना पाण्याइतकीच धुळीची अंघोळ लागते, तेव्हा उन्हातली हातभर जागा कोरडी, भुसभुशीत मातीची राहू द्यावी.

पक्षी येऊ लागले की त्यांच्या जिवाची जबाबदारीही आपल्यावर येते, आणि इथे मांजर आणि काच यांच्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. एकट्या अमेरिकेत मोकळ्या फिरणाऱ्या मांजरांमुळे दर वर्षी १३० कोटी ते ४०० कोटी पक्षी मरतात, असा २०१३ साली प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. पाळलेले मांजर पोटभर खाऊनही शिकार करते. आपले मांजर असेल तर पहाटे, संध्याकाळी आणि विणीच्या काळात ते घरात ठेवावे. बाहेरचे येत असेल तर परळ मीटरभर उंच खांबावर ठेवावे आणि घरटे असलेल्या झाडाच्या बुंध्याभोवती काटेरी फांद्या बांधाव्यात.

काचेचा धोका लोकांना दिसत नाही, कारण धडकलेला पक्षी अनेकदा थोडे दूर जाऊन मरतो. काचेत उमटलेले झाड त्याला खरे वाटते. एखादे घारीचे चित्र चिकटवून उपयोग होत नाही. पक्षी त्या चित्राशेजारून जाऊ पाहतो. काचेच्या बाहेरच्या बाजूने ठिपके किंवा रेघा काढाव्यात आणि त्यांच्यातले अंतर उभे-आडवे ५ सेंटिमीटरच्या आसपास असावे, म्हणजे आपण यातून जाऊ शकणार नाही हे पक्ष्याला कळते. धडकून सुन्न पडलेला पक्षी हवा खेळणाऱ्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात आणि शांत जागी तासभर ठेवावा. त्याच्या तोंडात पाणी घालू नये. सावरला की खोके बाहेर नेऊन उघडावे. एखादा बुलबुल किंवा दयाळ रोज खिडकीवर चोच मारत असेल तर ते प्रेम किंवा वेड नसून, आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला आहे अशा समजुतीने चाललेले भांडण असते. काही दिवस ती काच बाहेरून कागदाने झाकली की त्याची दमछाक थांबते.

आता दाण्याचा प्रश्न पुन्हा घेतो. विणीचा हंगाम सोडून, कोरड्या आणि टंचाईच्या काळात थोडे दाणे ठेवायला माझी हरकत नाही, परंतु पुढील काळजी घेता येत असेल तरच. दाणा बारीक असावा, एका सकाळीत संपेल इतकाच असावा, आणि पात्र असे असावे की त्यावर पारव्याला बसताच येणार नाही; लहान आकाराच्या जाळीतून चिमणी आत जाते, पारवा जात नाही. आठवड्यातून एकदा पात्र गरम पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवावे. हा उपचार ऐच्छिक नाही. ब्रिटनमध्ये २००५ पासून ग्रीनफिंच या पक्ष्यात घशाच्या एका परजीवीचा आजार पसरला. दूषित दाणापाण्यातून तो एका पक्ष्याकडून दुसऱ्याकडे जातो. बागांमधून सहज दिसणाऱ्या या पक्ष्याची संख्या इतकी घटली की २०२१ साली त्याचा तिथल्या धोक्यातील पक्ष्यांच्या लाल यादीत समावेश करावा लागला. एका ठिकाणी अनेक पक्ष्यांना रोज गोळा करणे म्हणजे काय, हे त्यावरून समजावे. पिसे फुलवून बसलेला, गिळायला त्रास होणारा किंवा डोळे सुजलेला पक्षी दिसला तर पात्र त्याच दिवशी काढून किमान दोन आठवडे बंद ठेवावे. पाव, खारट पदार्थ, दूध आणि शिळे शिजवलेले अन्न कधीच देऊ नये.

लाकडी घरट्यांबाबत अपेक्षा माफक ठेवावी. ढोलीत वीण करणारे पक्षीच त्यांत येतात. चिमणी, दयाळ, साळुंकी यांच्यासाठी ती उपयोगी आहेत, शिंपी, शिंजीर आणि बुलबुल त्यांच्याकडे पाहणारही नाहीत. चिमणीसाठी भोक ३२ मिलिमीटर व्यासाचे असावे, म्हणजे साळुंकी आत शिरू शकत नाही. लाकूड जाड आणि आतून रंग न दिलेले असावे, तळाला पाणी निथळण्याची छिद्रे असावीत, तोंड दुपारच्या उन्हाकडे आणि पावसाच्या झडीकडे नसावे, आणि भोकाखाली बसण्याची दांडी लावू नये, कारण तिचा उपयोग पिल्ले पळवणाऱ्यालाच होतो.

शिंजिराला आपल्याकडून घरटे नको असते, कोळिष्टके हवी असतात. मादी एकटीच घरटे बांधते. वेलीच्या किंवा तारेच्या टोकाला कोळ्याच्या जाळ्याचा धागा गुंडाळून ती सुरुवात करते आणि त्यात सालीचे तुकडे, वाळलेली पाने, अळ्यांची विष्ठा असे अडकवत पिशवी विणत जाते. प्रवेशद्वारावर पुढे आलेली छोटी पडवीही असते. दुरून हा वाऱ्याने अडकलेला कचराच वाटतो, आणि झाडलोट करताना तो काढून टाकला जातो. बागेत असा ‘कचरा’ लटकलेला दिसला तर दोन दिवस थांबून पाहावे.

छाटणीची चूक माझ्या हातून झालेली आहे आणि ती मी विसरलेलो नाही. सुरुवातीच्या वर्षांत एका घरी वाढलेले कुंपण मी विणीच्या ऐन दिवसांत सरळ रेषेत छाटून दिले. बुलबुलाचे वाटीसारखे घरटे आत होते. ते मी तोडले नाही, पण त्याच्यावरचा पाला गेला. मालकीण बाईंनी संध्याकाळी सांगितले की दुपारपर्यंत कावळ्याने तिन्ही पिल्ले नेली आणि जोडी अंधार पडेपर्यंत त्या फांदीभोवती ओरडत होती. तेव्हापासून विणीच्या हंगामात मी कात्री लावत नाही, आणि इतर वेळीही छाटणीपूर्वी पंधरा मिनिटे लांब उभे राहून कोणी चोचीत काही घेऊन आत जाते आहे का, हे पाहतो.

पाहण्यासाठी दिवस उजाडल्यानंतरचे दोन तास सर्वांत चांगले. रोज एकाच जागी, मंद रंगाचे कपडे घालून बसावे. आठवड्याभरात पक्षी आपल्याला बागेचा भाग मानू लागतात. दुर्बीण घ्यायची असेल तर ८ पट मोठे दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर भिंगांची घ्यावी, आणि ती दोन मीटरवरचेही स्पष्ट दाखवते का, हे आधी तपासावे, कारण बागेत पक्षी जवळच असतात. पण डोळ्यांआधी कान वापरावेत. बुलबुल, शिंपी, सातभाई आणि खार असे सगळे एकाच वेळी, एकाच दिशेला तोंड करून कर्कश ओरडू लागले तर तिथे साप, मांजर किंवा पिंगळा असतो. त्या आवाजाच्या मागे गेल्यामुळे मी एरवी कधीच न दिसणारे प्राणी पाहिले आहेत. साध्या वहीत तारीख, वेळ, पक्षी आणि तो काय करत होता, एवढे लिहावे. नुसते नाव लिहिण्यापेक्षा ‘नर शिंजिराचा चमकदार रंग जाऊन छातीवर फक्त मधली काळी पट्टी उरली’ अशी नोंद अधिक मोलाची, कारण विणीनंतर होणारा हा बदल आपल्या बागेत कधी होतो, हे अशा नोंदीवरूनच कळते. घरट्याकडे मात्र दुरूनच पाहावे. पाने बाजूला सारून छायाचित्र घेण्यापायी कावळ्याला वाट दाखवली जाते.

पिल्लू जमिनीवर सापडले तर घाई करू नये. अंगावर पिसे आलेली, आखूड शेपटीची, उड्या मारणारी पिल्ले उडायला शिकत असतात आणि आईबाप जवळच असतात. त्यांना फक्त उचलून जवळच्या झुडपात ठेवावे आणि मांजर दूर ठेवावे. उघडेबोडके पिल्लू असेल तर घरटे शोधून त्यात परत ठेवावे. माणसाचा हात लागला म्हणून पक्षी पिल्लाला टाकून देतात, हा समज खरा नाही.

किती दिवस लागतील, हेही आपल्या मनात असणार. पाण्यावर बुलबुल आणि साळुंक्या पहिल्या एक-दोन आठवड्यांत येतात. फवारणी थांबल्यानंतर पहिल्या पावसाळ्यात अळ्या वाढतात आणि त्यांच्यामागोमाग शिंपी, वटवट्या येतात. याच काळात बाग सर्वांत विस्कटलेली दिसते आणि घरचे लोक कुरकुर करतात. झुडपांचा पट्टा दाट व्हायला दोन वर्षे द्यावी लागतात, आणि घरटी त्यानंतर. शेजारच्या पडीक जागेत शिंपी आधीच असल्यामुळे आपले काम पुष्कळ सोपे आहे: पहिले झुडूप त्या बाजूच्या कुंपणालगत लावावे, म्हणजे त्याला उघड्यावरून उडत येण्याची गरज पडणार नाही.